अळीने ठेवलेली तूर

तुरीच्या शेंगेतली अळी ज्याने हाताने वेचली नाही, त्याने मला तुरीबद्दल काही सांगू नये. ती हिरवी असते, कधी मातकट, आणि शेंगेला भोक पाडून डोकं आत घालते. मागचा भाग बाहेर लोंबत राहतो. आत दाणा खात असते आणि मागून घाण टाकत असते, दोन्ही कामं एकदम. चिमटीत धरली की गार लागते. जरा जोर झाला की फुटते, आणि बोटांना जो रस लागतो तो राखेने घासूनही जात नाही. आम्ही झाडाखाली पोतं अंथरायचो, खोड धरून झाड हलवायचो आणि पडलेल्या अळ्या रॉकेल टाकलेल्या पाण्यात टाकायचो. कोंबड्या पहिल्या दिवशी धावून येतात. तिसऱ्या दिवशी त्याही तोंड फिरवतात.

इतक्या वर्षांत मला अळीची किळस येईनाशी झाली. माणसांची मात्र अजून येते.

मी चौथी शिकलेली बाई. आमचं गाव देवरीहून चिचगडकडे जाताना लागतं, जंगलाला चिकटून. आमच्या दोन बांधी आहेत. बांधी म्हणजे धानाचा तुकडा, पाणी अडवायला चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला. धानात पाणी उभं राहतं म्हणून तूर लावायची ती धुऱ्यावर. तुरीसाठी वेगळी जमीन आमच्याकडे कोणी ठेवत नाही. धान घरातल्या पुरुषाचं, धुऱ्यावरची तूर बाईची. पेरायची बाईने, राखायची बाईने, बियाणं राखेत घालून मडक्यात ठेवायचं बाईने. खायची मात्र पाहुण्याने. घरात रोज लाखोरीची डाळ. लाखोरीने पाय लुळे पडतात असं डॉक्टर सांगून गेले, तरी आम्ही लाखोरी खात होतो आणि तुरीची डाळ पाहुण्यासाठी झाकून ठेवत होतो. हे मला लहानपणापासून पटलं नाही. मला कोणी विचारलंही नाही.

१९९९च्या सुमारास धुऱ्यावरची तूर उभ्या उभ्या वाळायला लागली. खाली ओल, वर फुलं, आणि झाड मान टाकतं. आधी एक, मग त्याच्या बाजूचं, मग अख्खा धुरा. बायका म्हणायच्या कोणाची नजर लागली. पाटलाचे धुरेही वाळले, तेव्हा नजरेची गोष्ट बंद झाली, कारण पाटलाला नजर लावायची कोणाची हिंमत होती?

त्या वर्षी शेतीखात्याचा एक तरुण साहेब मोटारसायकलवर गावोगाव फिरायचा. तुरीचंच विचारायचा, म्हणून लोक त्याला तूरवाला म्हणत. त्याने माझ्यासमोर वाळलेलं एक खोड चाकूने उभं चिरलं. आत काळी रेघ होती, खालपासून वरपर्यंत.

"मावशी, याला मर म्हणतात. हा रोग मातीत राहतो. औषध मारून जात नाही."

"मंग कायले आले तुमी? हे सांगायले?"

तो हसला. बिचारा तेव्हा हसायचा. पाटलाने दुकानातून पुडीतलं नवं बियाणं आणून पेरलं होतं. ती तूर लवकर येणारी, उघड्या कोरड्या रानासाठी केलेली. आमच्या धुऱ्यावर पाय ओले आणि वर पाऊस चालूच, तेव्हाच ती फुलली आणि फुलांसकट सडली. तूरवाला म्हणाला, इथे इथलीच तूर पाहिजे, पण न मरणारी.

आमच्या सगळ्यात खालच्या धुऱ्यावर सगळं वाळलं होतं, चार झाडं सोडून. बाकीच्यांनी वाळक्याबरोबर हिरवीही कापून जळणाला नेली होती. मी ठेवली होती, कारण माझ्या घरी जळण होतं. यात माझी काही हुशारी नव्हती.

"ही चार का नाही मेली?" त्याने विचारलं.

"त्याईलेच विचारा."

"तेच विचारायचं आहे," तो म्हणाला, आणि मला काम सांगितलं. या चार झाडांचं बियाणं वेगळं ठेवायचं. पुढच्या पावसाळ्यात ते याच रोगट धुऱ्यावर पेरायचं. इतकंच नाही, मेलेल्या झाडांची खोडं आणि मुळं तोडून त्याच मातीत पुरायची, म्हणजे रोग आणखी वाढेल. त्यातून जे झाड उभं राहील तेच ठेवायचं. मग त्याचं बियाणं परत तिथेच. असं तीन-चार हिवाळे.

मला ते पटलं. कमजोर मरू दे, उरेल ते आपलं. पण गावाला पटलं नाही. मी कुऱ्हाडीने खोडं तोडून धुऱ्यात पुरत होते, तेव्हा वाटेने जाणाऱ्या बायका उभ्या राहिल्या.

"अव माय, लोकं बियानं पेरतात, हे रोग पेरून राहिली!"

"साहेबानं भानामती शिकवली असन."

"तुमच्या धुऱ्यावर येऊन पेरू का थोडा?" मी म्हटलं. त्या पळाल्या.

पहिल्या हिवाळ्यात निम्म्याहून जास्त झाडं मेली. दुसऱ्या हिवाळ्यात कमी मेली. तूरवाला यायचा, धुऱ्यावर उकिडवा बसून एकेक झाड पाहायचा, वहीत लिहायचा. शेंगा किती, एका शेंगेत दाणे किती, झाड किती पसरलं. दाणा तोंडात टाकून चावायचा. मला म्हणायचा, "मावशी, नुसतं न मरून चालत नाही. खायलाही चांगली पाहिजे." ते ऐकून मला बरं वाटलं होतं. खाण्याचं बोलणारा तो पहिलाच.

तिसऱ्या हिवाळ्यात माझ्याकडे पाच झाडं अशी होती की पाहत राहावं. शेंगेवर तांबड्या रेघा, शेंगेत पाच-पाच दाणे. मी जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या त्या पाचांना बांधल्या. तूरवाला म्हणाला, एवढ्याने होत नाही. माशी या झाडाच्या फुलावरून त्या झाडाच्या फुलावर जाते आणि धूळ नेते. न मरणारीचा आणि शेजारच्या मरणारीचा संबंध लागतो, मग बियाणं भेसळ होतं. म्हणून कळ्या उमलायच्या आधी फांद्यांना जाळीची पिशवी घालायची. पिशवीतल्या शेंगांचं बियाणं तेवढं शुद्ध.

हे तो पाच-सहा बायकांसमोर सांगत होता. आमच्या मोहल्ल्यातल्या, आम्ही सगळ्या बौद्ध. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "म्हनजे साहेब, तुरीलेबी जात पाहून लगन लावा लागते का?"

सगळ्या हसल्या. साहेब कानापर्यंत लाल झाला.

पिशव्या कुठून आणायच्या? मलेरियाच्या दवाखान्यातून घरोघरी मच्छरदाण्या मिळाल्या होत्या. आमची एक फाटली होती. मी ती कापून लहान लहान पिशव्या शिवल्या आणि फांद्यांवर चढवून खालून सुतळीने बांधल्या. लांबून पाहिलं तर झाडांना झबली घातल्यासारखी दिसायची. मग काय, गावाला दुसरं काम नव्हतं.

"पोरं मच्छरात निजून राहिले आन् तुरीले मच्छरदानी!"

"आता पायना बांध वो, झोके दे."

मी कोणाकडे पाहिलं नाही. पण रोज सकाळी जाऊन पिशव्या तपासत होते. एक गोष्ट मला तेव्हाच दिसली होती. पिशवीतल्या शेंगांना अळी नव्हती. बाहेरच्या शेंगा भोकं पडून घाण झालेल्या, आणि जाळीच्या आत एकही भोक नाही. मी घरी येऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलं. सांगायला नको होतं.

तूरवाल्याने बजावून सांगितलं होतं: या शेंगा झाडावरच पूर्ण वाळू द्या, हिरव्या असताना हात लावू नका. वाळल्यावर अर्धं बियाणं तो शेती संशोधनाच्या फार्मवर नेणार, तिथे दुसऱ्या तुरींच्या बाजूला लावून पाहणार. तिथेही टिकली तर वाढवून इकडच्या धुऱ्यांना वाटणार. अर्धं माझ्याकडे राहणार. राखेच्या मडक्यात मागच्या वर्षीचं काही ठेवलं नव्हतं, सगळं पेरलं होतं. ही माझी चूक. माझी आई म्हणायची, बियाण्याचं मडकं उलटं करू नये. मी उलटं केलं होतं.

जानेवारीत तो अचानक येऊन सांगून गेला की त्याचे वरचे साहेब गोंदियाहून पाहणीला येणार, दोन गाड्या भरून. माझा धुरा पाहायला.

इथे माझ्या नवऱ्याचं सांगितलं पाहिजे. माणूस वाईट नव्हता. दारू पीत नव्हता, हात उचलत नव्हता. पण गावात कोणीही साहेब आला की पाटलाकडे जायचा, पाटलाच्या खाटेवर बसायचा, पाटलाकडे जेवायचा. आमच्या मोहल्ल्यात साहेब आला तर गाडीतून उतरायचाही नाही, काच खाली करून बोलायचा. आणि आता दोन गाड्या साहेब आमच्या बांधीत येणार. माझा नवरा दोन दिवस नीट झोपला नाही. शाळेतून खुर्च्या मागून आणल्या. धुऱ्यावरचं गवत छिलून काढलं. दाढी केली.

त्या दिवशी मी मोहल्ल्यातल्या विहिरीवर पाणी भरायला गेले. बांधीजवळच्या डबक्यातलं पाणी साहेबांना कसं देणार? पाण्याच्या दोन गुंड्या भरून, स्टीलचे गिलास मागून घेऊन मी परतले, तोपर्यंत गाड्या येऊन उभ्या होत्या. साहेब खुर्च्यांवर बसले होते. मोहाच्या झाडाखाली तीन दगडांची चूल, त्यावर गंज, म्हणजे आमचं मोठं पातेलं, त्यातून वाफ निघत होती. हिरव्या शेंगांच्या दिवसांत शेतात पाहुणा आला की मीठ घालून तुरीच्या शेंगा उकडून द्यायच्या, ही आमच्याकडची रीत. त्यात वेगळं काही नव्हतं. मी पाणी उतरवलं. तेवढ्यात चुलीच्या बाजूला मला पिशव्या दिसल्या.

मच्छरदाणीच्या पिशव्या. नीट घडी घालून एकावर एक ठेवलेल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड. सुतळ्या वेगळ्या गुंडाळून ठेवलेल्या. नवरा काटकसरी होता, काही वाया जाऊ द्यायचा नाही.

मी धुऱ्याकडे पाहिलं. पाच झाडं, लाल चिंध्या तशाच, फांद्या ओरबाडलेल्या.

साहेब खात होते. एकेक शेंग दातांतून ओढायची, दाणे आत, साल खुर्चीखाली. एका जाड साहेबाच्या ओठांवर मिठाचं पाणी होतं, ते तो बोटाने पुसून बोट चाटत होता. "वा, फारच गोड आहे हो. आणि एकही किडकी नाही!" तो म्हणाला. माझा नवरा हात जोडून उभा होता. "साहेब, तुमच्यासाठीच राखली," तो म्हणाला. असं हसताना मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं.

तूरवाला शेवटच्या खुर्चीवर होता. त्याच्या हातात चार-पाच शेंगा होत्या. त्याने पिशव्या पाहिल्या होत्या. हे मला माहीत आहे, कारण त्याने आधी पिशव्यांकडे पाहिलं, मग झाडांकडे, मग माझ्याकडे. वरचा साहेब त्याला म्हणाला, "घ्या ना, तुमच्याच मेहनतीची आहे." आणि त्याने शेंग तोंडात घातली. मी पाहत होते. त्याने चावलं आणि गिळलं. मग दुसरी घेतली.

अळ्यांची बादली ओतताना मी कधी तोंड फिरवलं नव्हतं. त्या दिवशी फिरवलं.

साहेबांनी झाडांचे फोटो काढले. ओरबाडलेल्या झाडांचे. गाड्या गेल्या. पाटलाचा माणूस लांबून पाहत होता म्हणून नवरा अजून खुशीत होता.

"पाहिलंस? एकानंबी सोडली नाही. सगळं खाल्लं."

"कोनत्या शेंगा तोडल्या?"

"झबल्यातल्या. तूच म्हनली ना त्यात अळी नसते म्हनून. साहेबाच्या दाताखाली अळी आली असती तर? आपल्या मोहल्ल्याची काय इज्जत राहिली असती?"

"तीन वर्सं कायच्यासाठी जपली ते?"

त्याला खरंच कळत नव्हतं. "चांगली वस्तू पाहुन्यासाठीच जपतेत ना," तो म्हणाला.

मी त्याला शिव्या दिल्या. त्या इथे लिहीत नाही. गंजात तळाला थोड्या शेंगा राहिल्या होत्या. एक सोलून पाहिली. पाच दाणे, मऊ झालेले. उकडलेला दाणा उगवत नाही, हे शाळेत न गेलेल्यालाही कळतं. मी तो तोंडात टाकला. गोड होता. इतकी गोड तूर आमच्या धुऱ्यावर आधी झाली नव्हती. मी तो थुंकून टाकला.

दुसऱ्या दिवशी मी एकटी धुऱ्यावर गेले. पाच झाडांवर काय उरलं होतं? पिशवीबाहेरच्या शेंगा. भोकं पडलेल्या, अर्ध्या खाल्लेल्या, आत अळीची घाण भरलेल्या. अळीने उष्टी केलेली शेंग पाहुण्याला चालत नाही, म्हणून नवऱ्याने त्यांना हात लावला नव्हता. मी त्या वाळू दिल्या. फेब्रुवारीत तोडल्या आणि सुपात घेऊन दारात बसले. प्रत्येक शेंग फोडायची, आतली काळी ओली घाण नखाने काढायची, आणि टोकाला अळी पोचली नसेल तर एखादा धड दाणा मिळायचा. कधी मेलेली अळी दाण्याला चिकटलेली असायची. चार दिवस बसले. नखं काळी झाली, हाताचा वास जात नव्हता, त्या हाताने जेवायची इच्छा होईना. एवढं करून एक मूठ दाणे निघाले. तेही माशीने भेसळ केलेले, शुद्ध नाहीत.

तूरवाला त्या हिवाळ्यात परत आला नाही. त्याची बदली झाली असं कळलं. फार्मवर बियाणं गेलंच नाही, तर वाढवणार काय आणि वाटणार काय? त्याच्या जागी आलेल्याने पुडी दिली, वर तुरीचं रंगीत चित्र. ती पुडी मी कोंबड्यांना टाकली.

मी मुठीतले दाणे परत त्याच रोगट धुऱ्यावर पेरले. काही झाडं मेली, काही राहिली. भेसळ दिसत होती. एकीच्या शेंगेला रेघा, दुसरीला नाहीत. परत चिंध्या, परत पिशव्या. जुनीच मच्छरदाणी, त्याच घडी घातलेल्या पिशव्या. तीनचं काम पाच हिवाळ्यांत झालं. यावेळी मडकं उलटं केलं नाही. नवरा त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही, पण थंडी सुरू झाली की न सांगता पोतं घेऊन जायचा, झाडं हलवायचा, अळ्या वेचायचा. मीही बोलले नाही. वेचू दे म्हटलं.

नंतर मोहल्ल्यातल्या बायकांनी बियाणं मागितलं. ज्या झोके दे म्हणत होत्या त्यांनीच. दिलं. एक पायलीही नाही, ओंजळ ओंजळ. आज आमच्या बाजूच्या धुऱ्यांवर जी रेघांची तूर उभी आहे ती हीच. आणि आमच्या घरी आता रोज तुरीची डाळ शिजते. लाखोरी मी बंद केली. पाहुण्याला चहा देते.

दहाएक वर्षांनी एक पांढरी गाडी आली. त्यातून तूरवाला उतरला. केस मागे गेलेले, पोट पुढे आलेलं, आता मोठा साहेब झाला होता. ड्रायव्हरला गाडीजवळ थांबवून एकटाच आला.

"आजी, ओळखलं का?"

"ओरखलं. खाऊन गेलता."

तो म्हणाला, फार्मवरच्या तुरीला परत मर लागली आहे, कोणीतरी सांगितलं तुमच्याकडे ती अजून आहे, थोडं बियाणं मिळेल का.

"त्या दिवशी बोलला काऊन नाही?"

"वरचे साहेब समोर होते, आजी. तोंड उघडायची सोय नव्हती."

"तोंड तर उघडलं होतं. खायले."

मागे खडबड ऐकू आली म्हणून वळून पाहिलं, तर माझा म्हातारा, आता कमरेतून वाकलेला, गंज घेऊन अंगणातल्या चुलीकडे निघाला होता. पाहुणा आला ना.

"ठेवा ते गंज खाली," मी म्हटलं. त्याने ठेवला.

लवकर पिकलेल्या झाडांच्या वाळलेल्या चांगल्या शेंगांचा भारा आत आढ्याला टांगलेला होता. तो मी दाखवला नाही. अळ्या लागलेल्या शेंगा कोंबड्यांसाठी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, त्यातलं एक सूप भरून त्याच्यासमोर ठेवलं.

"यातून काढून घ्या. मीबी असीच काढली होती."

तो खुर्ची मागेल असं वाटलं होतं. नाही मागितली. जमिनीवर बसला आणि शेंग फोडली. पहिल्याच शेंगेतून जिवंत अळी त्याच्या बोटावर आली. त्याने तोंड वाकडं केलं, झटकली आणि पुढची शेंग घेतली. पांढऱ्या बाहीला हिरवा डाग पडला. म्हाताऱ्याने त्याच्या बाजूला पाण्याचा गिलास नेऊन ठेवला आणि तोही समोर बसून शेंगा फोडू लागला.

मी सांगितलं, "भेसळ आहे ते. तीन हिवाळे लागतीन तुमाले."

"माहीत आहे," तो म्हणाला.

दोघे डोकी खाली घालून बसले होते. मी पोतं आणि बादली घेतली आणि धुऱ्याकडे गेले. अजून दोन झाडं हलवायची राहिली होती.